पेढी सांभाळून संगणकाची पदव्युत्तर पदवी

पेण आणि रोहा येथील व्यापारी कुटुंबांत अलीकडे एक प्रश्न वारंवार कानी येतो. बी.कॉम. होऊन पेढीवर बसलेल्या मुलाला किंवा बीसीए झालेल्या मुलीला संगणकशास्त्रात पुढे शिकावयाचे असते. परंतु दोन वर्षे पुण्या-मुंबईस राहणे घराला परवडत नाही. अडचण केवळ पैशाची नव्हे. दुकानातील एक माणूस कमी होतो, आणि शहरात गेलेला माणूस पेठेत परततोच असे नाही. वडीलधारी मंडळी ही धास्ती उघड बोलून दाखवीत नाहीत, इतकेच.

जिल्ह्यातच लोणेरे येथे १९८९ साली स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. परंतु तेथील नियमित शिक्षण पूर्ण दिवस मागते. काम सांभाळून शिकणाऱ्यास इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा एमसीए अभ्यासक्रम अधिक सोयीचा. तो किमान दोन आणि कमाल चार वर्षांत पुरा करता येतो. ही चार वर्षांची मुभा हाच त्याचा खरा गुण होय. सत्रपरीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात. डिसेंबरच्या परीक्षेपूर्वीचे स्वाध्याय नेमके दिवाळीच्या गर्दीत येतात, तर जूनची तयारी मार्चअखेरच्या हिशेबांनंतर सुरू करावी लागते. शिवाय दरमहा ११ आणि २० तारखेला जीएसटीची विवरणे असतातच. म्हणून दिवाळीच्या सत्रात मोजकेच विषय घ्यावेत आणि अवघड विषय जूनसाठी ठेवावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. दोन वर्षांत संपविण्याची ईर्षा येथे नको.

पिलानीच्या बिट्स संस्थेचे कार्यसंलग्न एम.टेक. अभ्यासक्रम नोकरदारांसाठी आहेत. धाटाव औद्योगिक वसाहतीतील अभियंत्यास ते सोयीचे ठरतील. घरच्या पेढीवर राबणाऱ्या मुलाचे मात्र वेगळेच. दहा वर्षे काम करूनही त्याच्या नावे पगार लागलेला नसतो, मग अनुभवाचा दाखला कोण देणार?

परदेशी पदवी हवी असल्यास अमेरिकेतील जॉर्जिया टेकने २०१४ पासून चालविलेला ऑनलाइन अभ्यासक्रम पाहण्याजोगा आहे. दहा विषय, सहा वर्षांची मुदत, आणि घरबसल्या अभ्यास. मात्र पहिल्या बारा महिन्यांत पायाभूत विषयांपैकी दोन चांगल्या श्रेणीत उत्तीर्ण व्हावे लागतात, आणि तेथील शरद सत्र ऑगस्टअखेरीस, म्हणजे पर्युषणाच्या सुमारास, सुरू होते. पेणमध्ये तेव्हाच गणपतीची धामधूम असते.

मार्ग ठरला तरी दिशा उरतेच. विदाशास्त्राचे आकर्षण सध्या मोठे आहे. परंतु त्याचा पाया संख्याशास्त्र आणि रेषीय बीजगणित हा आहे. बारावीनंतर गणित सोडलेल्याने आधी तेथे वेळ द्यावा. केंद्र शासनाच्या स्वयम् या मंचावर हे विषय विनाशुल्क शिकता येतात. एमसीएच्या प्रवेशासही बारावीला किंवा पदवीला गणित असणे सामान्यतः अपेक्षित असते. पुढेही पेढीच सांभाळावयाची असेल, तर डेटाबेस आणि सॉफ्टवेअर-रचना यांचा उपयोग अधिक लवकर होतो. मालाचा साठा, उधारी आणि वसुली यांची स्वतःची प्रणाली उभारणे हा प्रकल्पासाठीही उत्तम विषय आहे.

शुल्क भरण्यापूर्वी संबंधित अभ्यासक्रम त्या वर्षासाठी आणि त्या सत्रासाठी मान्य आहे काय, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत पाहावे. आयोगाच्या नियमांनुसार मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाते. प्रात्यक्षिकांसाठी अभ्यासकेंद्रावर जावे लागते. तेव्हा दिवा–रोहा गाडीच्या वेळा आधी जुळवून पाहाव्यात.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. विवाह ठरला की शिक्षण अर्धवट सुटते, असे आपल्याकडे फार घडते. मुक्त विद्यापीठात अभ्यासकेंद्र आणि प्रादेशिक केंद्र बदलून घेण्याची सोय आहे. बोलणी चालू असतानाच उभय कुटुंबांनी हे ठरविले, तर रोह्यात भरलेले सत्र सासरच्या गावी पुरे करता येते.