दक्खनचा दरवाजा : बऱ्हाणपूर आणि केळीचा मुलूख

शहरं आणि त्यांचे मुलूख या विषयावर आपण बोलत आहोत. आज फ्रान्सच्या पूर्व सीमेवरच्या स्ट्रासबुर्ग या शहराचं नाव घेऊन सुरुवात करू, पण मुक्काम तिथे करायचा नाही. मुक्काम करायचा तो आपल्या जळगावपासून साधारण शंभर किलोमीटरवर, बऱ्हाणपूरला. स्ट्रासबुर्गचं बोट धरून बऱ्हाणपूर पाहायचं असा आमचा बेत आहे. दूरचं शहर आपण नकाशा घेऊन, वाचून, पैसे साठवून पाहतो. जवळच्या शहरातून मात्र रेल्वेच्या खिडकीतून केळी विकत घेत पुढे निघून जातो.

स्ट्रासबुर्ग हे ऱ्हाईन नदीकाठचं शहर. पलीकडच्या तीरावर जर्मनी. १६८१ साली चौदाव्या लुईनं ते फ्रान्सला जोडलं. १८७१ च्या युद्धानंतर जर्मनीकडे गेलं, पहिल्या महायुद्धानंतर परत फ्रान्सकडे, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीकडे आणि युद्ध संपता संपता पुन्हा फ्रान्सकडे. म्हणजे बघा, १८७० च्या आधी जन्मलेली आणि ऐंशी वर्षं जगलेली एखादी बाई घर न सोडता चार वेळा देश बदलून बसली! शहराभोवतीचा आल्झासचा मुलूख द्राक्षांचा. उत्तर-दक्षिण पसरलेल्या वोज डोंगराच्या पायथ्याला मळे, मळ्यांमध्ये गावं, आणि त्या गावांना जोडणारा सुमारे १७० किलोमीटरचा वाइनचा रस्ता, जो १९५३ पासून प्रवाशांसाठी मुद्दाम आखून दिलेला आहे. डोंगर, पायथा, नदी, एक पीक आणि मध्ये सीमेवरचं शहर. वोजच्या जागी सातपुडा ठेवा, ऱ्हाईनच्या जागी तापी, द्राक्षाच्या जागी केळी. रचना ओळखीची वाटते की नाही?

आता बऱ्हाणपूर. फिरोजशाह तुघलकानं १३७० च्या सुमारास मलिक राजा फारुकी याला थाळनेरचा प्रदेश दिला. थाळनेर म्हणजे आपल्या धुळे जिल्ह्यातलं, शिरपूर तालुक्यातलं तापीकाठचं गाव. फारुकी घराण्याची सुरुवात तिथून झाली. त्याचा मुलगा नसीर खान यानं असीरगड घेतला आणि १४०० च्या आसपास तापीच्या उत्तर तीरावर नवं शहर वसवलं. त्याला नाव दिलं बुऱ्हानुद्दीन गरीब या सूफी संताचं, ज्यांची कबर खुलताबादला आहे. समोरच्या तीरावर जैनाबाद वसलं, तेही जैनुद्दीन शिराझी या संताच्या नावानं. हे दोन्ही संत दौलताबाद-खुलताबाद परिसरातले. उत्तरेचं मानलं जाणारं हे शहर नावापुरतं तरी मराठवाड्याकडे तोंड करून जन्माला आलं. पुढची दोनशे वर्षं खानदेशाची राजधानी तीच होती. आपण ज्याला खानदेश म्हणतो त्याची राजधानी आज खानदेशात नाही, ही गोष्ट आपल्याला कधी खटकत नाही, याचं आम्हाला नवल वाटतं.

बऱ्हाणपूरला 'दक्खनचा दरवाजा' म्हणण्याची पद्धत आहे. पण दरवाजा कोणाच्या बाजूनं? दिल्लीहून येणाऱ्याला तो दक्षिणेचा. आपण जळगावहून गेलो तर तोच उत्तरेचा दरवाजा होतो. वैशेषिकांनी हे फार पूर्वी सांगून ठेवलं आहे. दिक् हे द्रव्य एकच. पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर या उपाधी. कोण कुठे उभा आहे आणि सूर्य कुठे आहे यावर त्या ठरतात. इतिहासाची पुस्तकं बहुधा दिल्लीच्या बाजूला उभं राहून लिहिली गेली, म्हणून दरवाजा दक्खनचा झाला, इतकंच.

शहरात गेल्यावर सर्वांत आधी जामा मशीद पाहावी. राजा अली खान फारुकी यानं ती बांधली. सगळी दगडी, आत कमानींची लांब रांग. कोरीवकाम सुंदर आहे; पण आमचे पाय अडतात ते शिलालेखापाशी. तिथे अरबी लेख आहे आणि त्याच्याबरोबर संस्कृत लेखही आहे. त्यात संवत १६४६ आणि शके १५११ असे दोन्ही काल दिले आहेत, म्हणजे इसवी १५९० च्या आसपासची गोष्ट. फारुकी राजांची वंशावळ आहे. आणि सुरुवातीला ईश्वराचं जे वर्णन आहे, ते अव्यक्त, सर्वव्यापी, गुणांच्या पलीकडचा, चैतन्यस्वरूप, असं आहे. वेदान्त शिकवण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला ही परिभाषा पाठ असते! हे शब्द मशिदीच्या भिंतीवर कोणी तरी विचार करून निवडले आहेत. निर्गुणाची भाषा दोन्ही बाजूंना पटेल, सगुणाची पटणार नाही, हे त्या अनाम पंडिताला नेमकं कळलं होतं. याला नुसती सहिष्णुता म्हणून सोडून देऊ नये. हे भाषांतराचं कौशल्य आहे, आणि त्यासाठी दोन्ही दर्शनं ठाऊक असावी लागतात.

स्ट्रासबुर्गलाही असाच एक दाखला आहे. इसवी ८४२ मध्ये शार्लमेनच्या दोन नातवांनी तिथे एकमेकांशी शपथ घेतली. जर्मन बोलणाऱ्या राजानं ती पुढे फ्रेंच झालेल्या बोलीत घेतली, आणि दुसऱ्यानं जर्मनमध्ये. म्हणजे प्रत्येकानं समोरच्या सैन्याला समजेल अशा भाषेत. सीमेवरच्या शहराला हे जमावंच लागतं. आतल्या शहराचं एका भाषेवर भागतं.

न्यायांमध्ये एक 'देहलीदीपन्याय' आहे. उंबऱ्यावर ठेवलेला दिवा घरातही उजेड देतो आणि अंगणातही. पण उंबऱ्यावरच्या दिव्याला वाराही दोन्हीकडून लागतो, हे न्यायात सांगितलेलं नाही. १६०१ च्या जानेवारीत अकबरानं असीरगड घेतला आणि फारुकी राज्य संपलं. सुभ्याला काही काळ राजपुत्र दानियालच्या नावावरून 'दानदेश' म्हटलं गेलं. मग बऱ्हाणपूर मोगलांच्या दक्षिण मोहिमांची छावणी झालं. जून १६३१ मध्ये मुमताज महल इथेच, चौदाव्या बाळंतपणात वारली. जैनाबादच्या बागेत, आहुखान्यात तिला पुरलं होतं. सहा महिन्यांनी देह आग्र्याला नेला. १६६७ मध्ये मिर्झाराजे जयसिंग इथेच वारले, पुरंदरच्या तहानंतर दोनच वर्षांनी. त्यांची छत्री नदीकाठी आहे. आणि १६८१ च्या जानेवारीअखेर मराठ्यांच्या फौजा बऱ्हाणपुरावर येऊन धडकल्या, पेठा लुटल्या गेल्या. चौदाव्या लुईनं स्ट्रासबुर्ग घेतलं तेही १६८१ च, सप्टेंबरात. योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध करायचं नाही. पण वर्ष लक्षात ठेवायला बरं पडतं.

पुढे उदगीरच्या लढाईनंतर, १७६० मध्ये, शहर पेशव्यांकडे आलं, मग शिंद्यांकडे, १८६० मध्ये इंग्रजांकडे. इंग्रजांनी ते निमाड जिल्ह्यात घातलं. खानदेश राहिला मुंबई इलाख्यात, बऱ्हाणपूर गेलं मध्य प्रांतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तीच रेघ पक्की झाली. २००३ मध्ये खंडवा जिल्ह्यातून वेगळा बऱ्हाणपूर जिल्हा झाला. आपल्याकडे खानदेशाचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले होते; तेच आजचे जळगाव आणि धुळे, आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार.

या रेघेचा अर्थ कळायला भुसावळहून रस्त्यानं जावं. सावदा, रावेर आणि मग सीमा. डावीकडे सातपुडा सतत सोबत. दोन्ही बाजूंना केळी. सीमेची पाटी लागते, पाट्यांची भाषा बदलते, केळी बदलत नाही. इच्छापूरच्या टेकडीवर इच्छादेवीचं देऊळ आहे, तिथे आपल्याकडची माणसं नवसाला जातात. बाजारात मराठी कानावर पडते, हिंदी पडते, दखनी वळणाची उर्दू पडते. खाण्याचं सांगायचं तर दराबा आणि मावा जिलेबी चुकवू नये. ओढणीएवढा पातळ मांडाही तिथलाच. आपल्या पुरणाच्या मांड्याशी त्याचं नाव तेवढं जुळतं.

केळीबद्दल थोडं सविस्तर. मृगबाग आणि कांदेबाग हे लागवडीचे दोन हंगाम आपल्या श्रोत्यांना ठाऊकच आहेत. पूर्वी बसराई, श्रीमंती, महालक्ष्मी ही वाणं होती. आता बहुतेक ठिकाणी ग्रँड नैन, उतिसंवर्धित रोपं आणि ठिबक. हे 'ग्रँड नैन' नाव फ्रेंच आहे, अर्थ 'मोठी बुटकी'! रावेरचा शेतकरी दिवसातून दहा वेळा फ्रेंच बोलतो, हे त्याला कोणी तरी सांगायला हवं.

इथे आल्झासशी असलेला फरकही दिसतो. तिथल्या बाटलीवर मुलखाचं नाव असतं, द्राक्षाच्या वाणाचं असतं, कित्येकदा मळ्याचंसुद्धा असतं. गिऱ्हाईक ते वाचून पैसे देतो. आपल्या केळीला उत्तरेत 'भुसावळ की केळी' म्हणत आले. जिथे पिकते त्या गावाचं नाव नाही, जिथे वॅगन भरते त्या स्टेशनचं. 'जळगाव केळी'ला भौगोलिक मानांकन मिळालं २०१६ मध्ये, रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांच्या पुढाकारानं. चांगलं झालं. पण मानांकनाच्या मागे माती, पाणी, हवा यांचा दाखला असतो, आणि ती माती जिल्ह्याच्या हद्दीवर संपत नाही. पलीकडचा शेतकरी त्याच डोंगराच्या पायथ्याला तीच केळी काढतो आणि त्याच्या केळीला हे नाव नाही. उलट त्याच्याकडे बाजार आहे. बऱ्हाणपूरच्या बाजार समितीत केळीचा लिलाव होतो, आणि रावेरचा बागायतदार सकाळी विचारतो, बऱ्हाणपूरला काय भाव फुटला? नाव इकडे, भाव तिकडे.

आता पाणी. आमच्या मते बऱ्हाणपूरला पाहण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट जमिनीच्या खाली आहे. तिचं नाव कुंडी भांडारा, लोक खुनी भांडाराही म्हणतात. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, इराणी जाणकार तबकुतुल अर्ज यानं ती योजना केली. सातपुड्यावर पडलेलं पाणी पायथ्याच्या गोट्या-रेतीच्या थरात मुरतं आणि जमिनीखालून तापीकडे सरकत राहतं. ते वाटेतच अडवायचं, बोगद्यात घ्यायचं आणि उतारानं शहराकडे आणायचं. बोगद्यावर ठरावीक अंतरानं विहिरीसारख्या कुंड्या, हवा आणि दुरुस्तीसाठी. त्यांची संख्या शंभरावर आहे. मोट नाही, रहाट नाही, पंप नाही. काम करतो तो फक्त उतार. इराणमध्ये याला कनात म्हणतात. चारशे वर्षं झाली, पाणी अजून वाहतं आहे. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत त्याचं नाव गेलं. खाली उतरायला लिफ्ट आहे. ती चालू आहे की नाही याची आधी चौकशी करून जावं.

आणि हेच पाणी केळी पिते. चोपडा, यावल, रावेर ते बऱ्हाणपूर हा पायथ्याचा सगळा पट्टा त्याच गोट्या-रेतीचा, भूगर्भवाले त्याला बझाडा म्हणतात. खानखानाच्या माणसानं मुरलेल्यातलं वाहील तेवढंच घेतलं. उताराच्या पाण्याला स्वतःची मर्यादा असते. पातळी खाली गेली की बोगदा आपोआप कमी देतो. पंपाला तशी मर्यादा नाही. पातळी गेली की नळी आणखी खाली सोडायची. रावेर-यावलच्या विहिरी आटल्या, कूपनलिका शेकडो फुटांवर गेल्या, त्या अशा. आणि इकडच्या पंपाचा परिणाम इकडेच थांबत नाही, तिकडच्याचाही नाही.

म्हणून मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन राज्यांनी तापी खोरे महापुनर्भरण योजनेचा करार केला, त्याकडे आम्ही उत्सुकतेनं पाहतो. पावसाळ्यातलं तापीचं पाणी कालव्यांनी याच बझाडा पट्ट्यात नेऊन मुरवायचं, अशी कल्पना आहे. कल्पना जुनी, चर्चा अनेक वर्षांची. काम केव्हा होईल, जमीन कोणाची जाईल, मुरलेलं पाणी कोण किती उपसणार, हे प्रश्न उरतातच. शेवटचा तर सर्वांत अवघड. कारण कालव्याचं पाणी मोजता येतं, मुरलेलं कोणाच्या वाट्याचं हे सांगणारी रेघ जमिनीखाली कोणी आखलेली नाही.

जाणाऱ्यांनी दोन दिवस काढावेत. पहिल्या दिवशी मशीद, शाही किल्ला आणि त्यातलं रंगीत छताचं हमाम, तापी ओलांडून आहुखाना. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडी भांडारा आणि ऊन चढायच्या आत असीरगड, शहरापासून वीसेक किलोमीटर. परतताना रावेरच्या अलीकडे एखाद्या बागेत थांबावं आणि मालकाला विचारावं, बोअर किती फुटांवर आहे आणि दहा वर्षांपूर्वी किती होती.