विद्यार्थ्यांची विजेवरची दुचाकी आणि आपला गॅरेजचा धंदा

मद्रासच्या आयआयटीतील अभियांत्रिकी डिझाइन विभागातून २०१२ साली तरुण मेहता आणि स्वप्निल जैन हे दोघे पदवी घेऊन बाहेर पडले. २०१३ मध्ये त्यांनी 'एथर एनर्जी' ही कंपनी काढली. त्यांची विजेवर चालणारी स्कूटर आज रस्त्यावर सर्रास दिसते. गॅरेजच्या धंद्यावर अनेक घरांची रोजी अवलंबून आहे, म्हणून ही गाडी कशी घडली आणि तिच्यामुळे काय बदलणार आहे, ते आम्ही वाचकांपुढे मांडत आहोत.

या दोघांना आधी गाडी बनवायचीच नव्हती. विजेच्या स्कूटरसाठी चांगली बॅटरी तयार करावी, एवढाच त्यांचा विचार होता. त्या काळच्या बहुतेक विजेच्या स्कूटर शिशाच्या बॅटरीवर चालत. त्या संथ होत्या आणि बॅटरी लवकर बसत असे. त्यांचा अभ्यास करताना दोघांच्या लक्षात आले की केवळ बॅटरी बदलून भागणार नाही, तिच्याभोवती गाडीच नव्याने आखावी लागेल.

याचे कारण हिशेबाने समजते. अशी स्कूटर एक किलोमीटरला सुमारे ३२ वॅट-तास वीज खाते. म्हणजे ७५ किलोमीटरसाठी २.४ युनिट वीज सोबत बाळगावी लागते. तेवढी वीज साठवायला शिशाची बॅटरी साधारण ७० किलोची होईल. लिथियमचे सेल मात्र १२ ते १५ किलोंत काम भागवतात. हे वजन पायाखाली, जमिनीलगत ठेवले की गाडी तोल सांभाळते. म्हणून आधी बॅटरीची जागा ठरते आणि मग गाडीचा आकार.

त्यांनी २०१६ च्या फेब्रुवारीत 'एस ३४०' हा नमुना दाखवला. एका चार्जिंगमध्ये ६० किलोमीटर आणि ताशी ७२ किलोमीटर वेग, असा त्यांचा दावा होता. प्रत्यक्ष विक्री २०१८ मध्ये बंगळूरला सुरू झाली. 'एथर ३४०' ची किंमत १ लाख ९ हजार आणि अधिक ताकदीच्या 'एथर ४५०' ची १ लाख २४ हजार रुपये होती. गिऱ्हाइकांनी महागडी ४५० च पसंत केली आणि ३४० पुढच्याच वर्षी बंद करावी लागली. कागदावरची कल्पना दुकानात यायला पाच वर्षे लागली, हे धंद्यात उतरणाऱ्या तरुणांनी ध्यानात ठेवावे.

आता खर्चाचे पाहू. ७५ किलोमीटरला सुमारे ३ युनिट वीज लागते असे समजू. युनिटला १० रुपये धरले तर ३० रुपये झाले. लिटरला ४५ किलोमीटर देणाऱ्या पेट्रोलच्या स्कूटरला, पेट्रोल १०० रुपये धरले तरी, सुमारे १६५ रुपये लागतात. माल पोहोचवण्यासाठी रोज एवढे फिरणाऱ्याचे महिन्याला तीन हजारांहून अधिक रुपये वाचतील. मात्र दिवसाला दहा किलोमीटर चालवणाऱ्याला ही बचत फारशी जाणवणार नाही. त्याने केवळ बचतीच्या आशेने व्याजाचे कर्ज डोक्यावर घेऊ नये.

गॅरेजवाल्यांसाठी मुद्दा वेगळाच आहे. या गाडीत पिस्टन, प्लग, कार्बोरेटर, क्लच प्लेट यांपैकी काहीही नाही. इंजिन ऑइलही बदलावे लागत नाही. धंद्याचा मोठा भाग यावरच चालतो. टायर, ब्रेक, बेअरिंग, शॉकअप आणि वायरिंग ही कामे उरतील. त्यांत मल्टीमीटरने दोष शोधणे, कनेक्टर तपासणे आणि संगणकावर गाडीची नोंद वाचणे या कामांची भर पडेल. परंतु प्रशिक्षण घेतल्याशिवाय कोणीही बॅटरी उघडू नये. २०२२ मध्ये देशात विजेच्या स्कूटरना आगी लागल्या. त्यानंतर सरकारने त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या.

एथरने २०२४ साली छत्रपती संभाजीनगरजवळ बिडकीनला कारखाना उभारण्याचे जाहीर केले. म्हणजे हा बदल आपल्या दाराशी येत आहे. आयटीआयमध्ये विद्युत वाहनाच्या मेकॅनिकचा अभ्यासक्रमही आहे. गॅरेजमालकांनी आपल्या मुलाला किंवा हाताखालच्या हुशार पोराला तिकडे अवश्य पाठवावे.

गाडी कुठे बिघडते, गिऱ्हाईक कशाला वैतागते, हे आपल्या मिस्त्रींना पुस्तकाशिवाय कळते. त्या दोन विद्यार्थ्यांनीही सुरुवात केली ती जुन्या गाडीतला दोष ओळखूनच. आपल्या पोरांच्या हातातल्या या कसबाला शिक्षणाची जोड मिळाली, तर उद्याची गाडी दुरुस्त करणारेच नव्हे, तर ती आखणारेही आपल्यातून निघतील, इन्शाअल्लाह.