वेचणाऱ्याचे गाणे आणि त्याच्या नावाची नोंद

कापसाला भाव ठरतो, कापूस वेचणाऱ्याच्या गाण्याला ठरत नाही. हे वर्धा जिल्ह्याला कोणा विद्वानाने येऊन सांगण्याची गरज नाही. हिंगणघाटच्या बाजारात कापसाची गाडी आली की वजन होते, प्रत पाहिली जाते, पावती फाटते. पण ज्या मायमाउलीने तो कापूस वेचला, तिने पऱ्हाटीत वाकून कोणते गाणे म्हटले याची पावती कोणीच फाडत नाही. आणि ज्याची पावती नाही ते उद्या आपले म्हणून सांगता येत नाही, हा या व्यवस्थेचा नियम आहे. आज आम्ही वाचकांना अमेरिकेतील एका कापूस पिकवणाऱ्या गायकाची गोष्ट सांगणार आहोत. ती ऐकून आपल्या जिल्ह्यातल्या गाण्यांचा हिशेब मांडावा, एवढाच हेतू आहे.

अमेरिका दूर असली तरी कापसाच्या नात्याने ती वर्धेला परकी नाही. १८६१ ते १८६५ या काळात तेथे गुलामगिरीच्या प्रश्नावर यादवी युद्ध झाले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून बंद पडू लागल्या. इंग्रजांची नजर वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या जमिनीवर खिळली. वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला तो याच काळात, १८६२ साली. १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागेवर वर्धा शहर वसवले गेले, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि या भागाचा कापूस मुंबईमार्गे विलायतेला जाऊ लागला. तिकडे काळा गुलाम कायद्याने मुक्त झाला. इकडे जाडेभरडे कापड विणून जगणाऱ्या आमच्या महार विणकराचा माग मात्र पुढे गिरणीच्या कापडाने बंद पाडला.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीयांचे नेते डू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. १९७२ मध्ये आमच्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले. विचारांचा हा धागा चळवळीला पाठ आहे. गाण्याच्या धाग्याकडे मात्र आमचे लक्ष कमीच गेले.

गुलामगिरी कायद्याने संपली म्हणजे माणूस सुटला असे होत नाही. मिसिसिपीत मुक्त झालेला गुलाम त्याच मालकाची जमीन बटईने करू लागला. बियाणे मालकाचे, दुकान मालकाचे, खातेवही मालकाची. वर्षाअखेर हिशेब झाला की पुन्हा कर्जच अंगावर. या शेतांतून, तुरुंगांतून आणि चर्चमधून जे गाणे वर आले त्याला ब्लूज म्हणतात. त्यातील एक रीत स्लाइड गिटारची. बाटलीची काचेची मान कापून बोटात घालायची किंवा खिशातला चाकू घ्यायचा आणि तो तारांवरून सरकवत न्यायचा. आपल्याकडे जिला मींड म्हणतात तशी एका सुरातून दुसऱ्या सुरात घसरत जाणारी, माणसाच्या रडण्यासारखी किंवा हाक मारण्यासारखी आवाजाची रेघ त्यातून निघते.

फ्रेड मॅकडॉवेल हे या रीतीचे मोठे वादक. टेनेसी राज्यातील रॉसव्हिल येथे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांचा जन्म झाला. पुढे ते मिसिसिपीतील कोमो या लहान गावी स्थायिक झाले. दिवसा शेती, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी गाणे. लहानपणी त्यांनी आपल्या नातलगाला जनावराच्या बरगडीचे हाड घासून ते तारांवर फिरवताना पाहिले होते. पुढे त्यांनी स्वतः चाकू वापरला आणि शेवटी काच. आम्हाला यात नवल वाटत नाही. ज्या ढोलकीवर आणि हलगीवर महाराष्ट्र नाचला तिचे कातडे कोणी कमावले, हे आम्ही जाणतो. जे टाकून दिले जाते त्यातूनच शोषितांनी आपली वाद्ये घडवली आहेत, येथेही आणि तेथेही.

पन्नाशी उलटेपर्यंत मॅकडॉवेल यांचा आवाज कोणी नोंदवला नव्हता. सप्टेंबर १९५९ मध्ये लोकगीतांचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स आणि इंग्लंडच्या गायिका शर्ली कॉलिन्स ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन कोमोला आले. कापूस वेचणीचे दिवस होते. मॅकडॉवेल कामाच्या कपड्यांतच गिटार घेऊन आले. शेजारी माइल्स प्रॅचर दुसऱ्या गिटारवर बसले. बहीण फॅनी डेव्हिस यांनी फणीला पातळ कागद लावून ती ओठांवर धरून वाजवली. ना स्टुडिओ, ना तिकीट, ना मंच. त्या मुद्रणात मॅकडॉवेल ओळ गाता गाता मध्येच थांबतात आणि उरलेली ओळ गिटार पूर्ण करते. आमच्या गायन पार्टीत शाहिराने ओळ सोडायची आणि मागच्या साथीदारांनी उचलून धरायची, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की येथे झीलकरी तार आहे.

या मुद्रणामुळे जे झाले ते ध्यानात घेतले पाहिजे. १९६४ मध्ये ख्रिस स्ट्राखविट्झ हे छोट्या रेकॉर्ड कंपनीचे मालक कोमोला आले आणि मॅकडॉवेल यांच्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिका निघू लागल्या. त्याच वर्षी ते न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायले, पुढच्या वर्षी युरोपात गेले. १९७१ मध्ये रोलिंग स्टोन्स या जगप्रसिद्ध इंग्रज वाद्यवृंदाने त्यांच्याकडून उचललेले एक गाणे आपल्या तबकडीवर घेतले. मूळ भजन परंपरेतले होते, पण चाल आणि ढंग मॅकडॉवेल यांचा होता. स्ट्राखविट्झ यांनी वकिलामार्फत हक्क मागितला आणि मॅकडॉवेल हयात असतानाच त्यांच्या हाती पैसे पडले. हे कशामुळे शक्य झाले? आधीची तबकडी होती, तिच्यावर त्यांचे नाव छापलेले होते. पुरावा होता म्हणून हक्क मिळाला.

१९७२ मध्ये मॅकडॉवेल वारले. त्यांच्या कबरीवरच्या दगडात त्यांचे नावच चुकीचे कोरले गेले. त्यांच्याकडून स्लाइड शिकलेल्या गायिका बॉनी रेट यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये नवा दगड बसला तेव्हा ते दुरुस्त झाले. एकवीस वर्षे माणूस चुकीच्या नावाखाली झोपला होता. पण तबकडीवर नाव बरोबर होते. दगडापेक्षा तबकडी प्रामाणिक निघाली.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुद्रण करणारा कोण, हा प्रश्न गौण नाही. १९४१ मध्ये मिसिसिपीच्या स्टोव्हॉल मळ्यावर मडी वॉटर्स या तरुण मजुराचे स्लाइड गिटार याच लोमॅक्स यांनी अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयासाठी मुद्रित केले. त्या कामात फिस्क विद्यापीठाचे कृष्णवर्णीय संगीतज्ञ जॉन वर्क बरोबरीने होते. लोमॅक्स यांचे नाव जगभर झाले. वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे लिखाण मात्र कागदपत्रांच्या ढिगात हरवले. ते ग्रंथरूपाने आले २००५ साली. गाणाऱ्याचे नाव राहिले, पण त्याच्याच समाजातल्या नोंद करणाऱ्याचे नाव पुसले गेले. म्हणून आम्ही म्हणतो, बाहेरचा कोणी यंत्र घेऊन येईल याची वाट पाहू नये. आला तर स्वागत करावे, पण वही आपल्या हातात असावी.

आता आपल्या अंगणात येऊ. आंबेडकरी जलशांनी बाबासाहेबांचा विचार निरक्षर माणसाच्या कानापर्यंत नेला. आपल्या दहा सभांचे काम शाहिराचा एक जलसा करतो, असे बाबासाहेब म्हणत, ही आठवण चळवळीत आजही सांगितली जाते. त्या आरंभीच्या जलशांचे आवाज आज आपण कोठे ऐकणार? लोककवी वामनदादा कर्डक यांनी हजारो गाणी रचली. त्यांतील किती मुद्रित झाली आणि किती नुसती गाणाऱ्यांच्या तोंडी राहिली? वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे हे दोघेही २००४ साली गेले. विठ्ठल उमप यांनी २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर मंचावरच अखेरचा श्वास घेतला. रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर १५ जुलै १९९७ रोजी विलास घोगरे यांनी जीवन संपवले. त्यांचा आवाज आज ऐकू येतो तो आनंद पटवर्धन यांनी तो चित्रपटात घेतला म्हणून. तो योग सगळ्याच शाहिरांच्या वाट्याला येत नाही.

आमच्या शाहिरांनी मात्र कागद नसताना, कायदा माहीत नसताना एक युक्ती करून ठेवली होती. शेवटच्या कडव्यात कवी आपले नाव गुंफतो. वामनदादांच्या गाण्यात 'वामन' येतो. हा नुसता छंद नव्हे, ही गाण्यावरची सही आहे. गायक बदलला, चाल बदलली तरी कवी कोण हे ऐकणाऱ्याला कळते. पण आज काय चालले आहे? गाणे मोबाइलवर फिरते ते अर्धेच. धृपद आणि एक कडवे ठेवायचे, त्याला डीजेचा ठेका लावायचा आणि शेवटचे कडवे कापून टाकायचे. कापले जाते ते नेमके सही असलेले कडवे. कॅसेटच्या काळात निदान वेष्टनाच्या कागदावर कवीचे नाव बारीक अक्षरात तरी असे. आता तेही गेले.

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, सगळेच रेकॉर्ड होते, मग तक्रार कसली? तक्रार हीच, की रेकॉर्ड होते आणि नोंद होत नाही. गाव नाही, तारीख नाही, गाणारी कोण हे नाही, लिहिणारा कोण हे नाही. फोन बिघडला की गाणे गेले. ज्याला नाव-गाव नाही ते गाणे बेवारस ठरते आणि बेवारस मालावर पहिला हात बळकटाचा पडतो.

नोंद कशी करावी याचा नमुना महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात माजलगावच्या भीमनगरातील बायांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्याही आहेत. त्या ओव्यांच्या नोंदींना गाणारणीचे नाव आहे, गाव आहे. म्हणून त्या बाया इतिहासात नावानिशी उभ्या आहेत.

आमचा वर्धा जिल्हा तर नोंदींचा जिल्हा आहे! सेवाग्रामची कुटी जशीच्या तशी जपली आहे. गांधीजींचे लेखन, पत्रे, भाषणे शंभर खंडांत बांधलेली आहेत. त्याबद्दल आमचे म्हणणे एवढेच, की जपणूक करता येते हे यावरून सिद्ध होते. मग त्याच जिल्ह्यातील आर्वी, देवळी, सेलू, समुद्रपूरच्या वस्त्यांत ज्या भजनी मंडळांनी आणि गायन पार्ट्यांनी धम्मदीक्षेनंतरची पिढी घडवली, त्यांचे खंड कोठे आहेत? वर्ध्यात १९९७ पासून केंद्रीय हिंदी विद्यापीठ आहे. तेथे आमची मुले शिकतात, संशोधन करतात. त्यांनी एक तरी प्रबंध आपल्या आजीच्या गाण्यावर का लिहू नये?

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विहारात एक वही ठेवा. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, ६ डिसेंबर या दिवशी जे गाणे होईल ते शेवटच्या कडव्यासह मोबाइलवर घ्या आणि वहीत गाणाऱ्याचे, कवीचे, साथीदारांचे नाव, गाव आणि तारीख लिहा. गाणाऱ्याची लेखी संमती घ्या. प्रत तीन ठिकाणी ठेवा. आधी सत्तरीच्या पुढच्या मायमाउल्यांकडे जा. गौरवगीतांबरोबर वेचणीची, मजुरीची, कर्जाची गाणीही घ्या, कारण २००६ च्या विशेष पॅकेजमधील सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत वर्धाही होता आणि ते दुःख सरकारी तक्त्यांत मावत नाही.

आणि कायदा वाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कवीच्या निधनानंतरही ६० वर्षे त्याच्या रचनेवर हक्क राहतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रित गाण्याच्या मानधनातील गीतकाराचा वाटा त्याला कंपनीच्या नावे सोडून देता येत नाही. एकरकमी चार पैसे देऊन कोरा कागद पुढे करणाऱ्याला आमच्या गायकांनी हे ठणकावून सांगावे.

बाबासाहेबांचा आवाज आज आपल्याला ऐकू येतो, १९५५ ची बीबीसीची मुलाखत ऐकताना अंगावर काटा येतो, कारण त्या दिवशी कोणीतरी यंत्र सुरू केले होते. कोमोच्या शेतकऱ्याला त्याच्या गाण्याचा हक्क मिळाला, कारण तबकडीवर त्याचे नाव होते. येत्या वेचणीच्या हंगामात पऱ्हाटीतून परतणाऱ्या आपल्या आयाबहिणींना विहारात बसवा, एक गाणे म्हणायला सांगा आणि वहीच्या पहिल्या पानावर त्यांचे नाव पूर्ण लिहा.

जय भीम!