कुट्टीयंत्राचे पाते

कडबा कापण्याऐवजी चिरडू लागला, लांब लांब तुकडे पडू लागले, चाक जड झाले, की समजावे कुट्टीयंत्राचे पाते बोथट झाले. अशा वेळी पुष्कळ जण कडबा हाताने आत रेटतात. बोटे जातात ती तेव्हाच.

पात्याला हात लावण्याआधी मोटार बंद करा, आणि पट्टाही उतरवा. नुसते बटण दाबून भागत नाही. चाक वजनदार; ते मोटार थांबल्यावरही फिरत राहते. थांबले म्हणजे आऱ्यांत लाकूड अडकवा. चाकावर दोन पाती असतात. एक काढले, की दुसऱ्याच्या भाराने चाक आपोआप फिरते, बरे का!

धार लावायची ती उतरत्या बाजूला. सपाट बाजू घासू नये. पाते तापू लागले तर पाणी घाला. निळे पडलेले पोलाद धार धरत नाही.

पाते फार झिजले असेल तर दोन्ही एकदम बदला. एक नवे, एक जुने असले तर चाक हिसके देते आणि बेअरिंग लवकर जाते. बोल्टही नवेच घ्या. पाते आणि तोंडाची पट्टी यांत जाड कागदाएवढी फट राहू द्या. मग लाकूड काढून चाक हातानेच पुरता एक फेरा फिरवा. कुठे घासले नाही, तरच पट्टा चढवा.