शिंदीचे झाड : उपयोग व निगा

ओढ्यांच्या काठी, नाल्यांलगत व ओलसर पडीक जमिनीत आपोआप वाढणारे शिंदीचे झाड महाराष्ट्रातील बहुतेक शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. ते कोणी लावीत नाही व त्यास कोणी पाणीही देत नाही. त्यामुळे त्याची निगा राखावी लागते, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. रस, फळे व पाने ही तिन्ही उत्पन्ने अविचाराने घेतल्यास झाड क्षीण होऊन अखेर मरते. याचे कारण त्याच्या रचनेत आहे.

ओळख

शिंदीचे शास्त्रीय नाव फिनिक्स सिल्व्हेस्ट्रिस असे असून ती खजुराची जवळची आप्त आहे. खजुराच्या बुंध्यापाशी फुटवे येतात. शिंदीचे खोड मात्र एकटेच सरळ वाढते व १० ते १५ मीटर उंच होते. पानाच्या देठाकडील पर्णिकांचे लांब, टणक काट्यांत रूपांतर झालेले असते. हा काटा मांसात मोडून राहिल्यास जागा पिकते. म्हणून झाडावर चढण्यापूर्वी खालच्या पानांचे काटे कोयत्याने उतरवून घ्यावेत.

फळे

शिंदीत नर व मादी झाडे वेगवेगळी असतात. फळे फक्त मादी झाडास येतात व उन्हाळ्याच्या अखेरीस पिकतात. कच्चे फळ तुरट लागते. पिकल्यावर ते गोड होते. गर पातळ व बी मोठी असल्याने बाजारात त्यास खजुराची किंमत येत नाही. तथापि मुले, गुराखी व पक्षी ती आवडीने खातात. नर झाड निरुपयोगी समजून तोडण्याची प्रथा चुकीची आहे. जवळपास नर झाड नसेल, तर मादी झाडास चांगली फलधारणा होत नाही.

जखम भरून का येत नाही

आंबा किंवा कडुनिंब यांच्या सालीखाली वाढीचा एक जिवंत थर असतो. फांदी तोडली, तरी हा थर नवे लाकूड व नवी साल निर्माण करून जखम झाकून टाकतो. शिंदी, ताड व माड यांच्या खोडांत असा थर नसतो. खोडावर झालेला घाव झाडाच्या अंगावर जन्मभर राहतो. शिवाय शिंदीस फांद्या नसतात. तिची सारी वाढ शेंड्यातील एकाच कोंबावर अवलंबून असते. तो कोंब दुखावला, की झाड संपले.

रस काढणे

ताड व माड यांचा रस फुलोऱ्यातून काढतात, त्यामुळे खोडास इजा होत नाही. शिंदीचा रस मात्र शेंड्याखालील कोवळे खोड एका बाजूने तासून काढावा लागतो. म्हणजे घाव कोंबाच्या अगदी जवळ पडतो. येथे हाताचा संयम फार महत्त्वाचा आहे.

या कामी बंगालमधील पद्धत अनुकरणीय आहे. तेथे रस केवळ थंडीच्या दिवसांत काढतात. सामान्यतः लागोपाठ तीन रात्री रस घेऊन पुढे तीन-चार दिवस झाडास विसावा देतात. एका वर्षी एका बाजूस, तर दुसऱ्या वर्षी विरुद्ध बाजूस काप घेतात. अशा झाडाच्या खोडावर खाचांची नागमोडी रांग दिसते व तीवरून किती हंगाम रस काढला, ते मोजता येते. कोवळ्या झाडाचा रस मुळीच काढू नये. ज्या झाडाची फळे हवी असतील, तेही रसासाठी तासू नये.

ताजा रस, म्हणजेच नीरा, गोड असतो. पण काही तासांतच तो आंबू लागतो. मडक्यास आतून चुना लावल्यास आंबण्याची क्रिया मंदावते. रस काढण्यास दारूबंदी कायद्याप्रमाणे परवाना लागतो, म्हणून आधी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे चौकशी करावी.

आरोग्याच्या दृष्टीनेही सावधगिरी आवश्यक आहे. बांगलादेशात २००१ सालापासून निपाह रोगाच्या अनेक साथी आल्या. रात्री वटवाघुळांनी दूषित केलेला कच्चा रस पिणे हे त्यांचे एक प्रमुख कारण ठरले. महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघुळांत या विषाणूच्या संसर्गाच्या खुणा आढळल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने २०२१ साली जाहीर केले. म्हणून तासलेला भाग व मडक्याचे तोंड बांबूच्या तट्ट्याने झाकावे. उघड्या मडक्यातील रस कच्चा पिऊ नये. रस चांगला उकळून केलेला गूळ सुरक्षित असतो.

पाने

केरसुण्या व चटया यांसाठी पाने काढताना खालची पाने घ्यावीत. शेंड्यातील उभी कोवळी पाने राखावीत आणि एकाच वेळी सारे झाड बोडके करू नये. बांध जाळताना आग शिंदीपर्यंत जाऊ देऊ नये. ताज्या घावांकडे सोंड्या भुंगा आकर्षित होतो. मेलेले खोड कुजत राहिल्यास त्यात गेंड्या भुंग्याची पैदास होते व जवळच्या नारळबागेस उपद्रव होतो. म्हणून असे खोड वेळीच काढून नष्ट करावे.

लागवड

पिकलेल्या फळांचे ताजे बी गर काढून, पाण्यात भिजवून पेरावे. कोंब प्रथम जमिनीत खोल उतरतो व मग पान वर येते. म्हणून रोपांसाठी खोल पिशव्या वापराव्यात व रोपे लहान असतानाच पावसाळ्याच्या आरंभी ओढ्याकाठी लावावीत. फुले येईपर्यंत नर-मादी ओळखता येत नाही, यास्तव रोपे गरजेपेक्षा अधिक लावावीत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील शिंदीच्या झाडांची पाहणी करावी. दोन्ही बाजूंनी खोल तासलेली झाडे किती आहेत व नवी रोपे किती उगवत आहेत, याची नोंद ठेवावी. मरणाऱ्या झाडांपेक्षा नवी रोपे कमी भरत असतील, तर त्या वर्षी रस थांबवून लागवड हाती घ्यावी.