सीनेला दौंड नाही

पावसाळा लागला की सोलापूर जिल्ह्यात एक प्रश्न रोज कानावर पडतो, 'दौंड किती?' दौंडला भीमेतून किती क्युसेक पाणी वाहते, यावर उजनी धरण कधी भरणार, कधी सुटणार आणि पंढरपूरच्या वाळवंटात पाणी कधी चढणार, याचा हिशेब बांधला जातो. पुणे जिल्ह्यातल्या धरणांतून सुटलेले पाणी आधी दौंडला मोजले जाते, मग उजनीत येते. उजनीच्या खाली नीरा-नरसिंगपूरला वीर धरणाकडचे नीरेचे पाणी मिळते आणि मग पंढरपूर. या सगळ्या प्रवासाला वेळ लागतो आणि प्रत्येक टप्प्यावर आकडा जाहीर होतो. भीमेचा पूर मोठा असतो, पण तो सांगून येतो.

मोहोळ तालुक्याला मात्र दोन नद्या आहेत. दक्षिणेला बेगमपूरच्या बाजूने भीमा जाते आणि पूर्वेकडून सीना. सीनेची गोष्ट भीमेपेक्षा वेगळी आहे. ती अहिल्यानगर जिल्ह्यात उगम पावते, बीडमधल्या आष्टीच्या बाजूचे पाणी घेते, धाराशिवच्या परांडा तालुक्याची कड धरून करमाळा आणि माढ्यातून मोहोळला येते. इथे बार्शीकडून आलेली भोगावती तिला मिळते. पुढे दक्षिण सोलापुरात कुडलला ती भीमेत विलीन होते. या संगमावर, हत्तरसंग-कुडलच्या देवळात, शके 940 म्हणजे इसवी सन 1018चा मराठी शिलालेख आहे. हजार वर्षांपूर्वी ज्या काठावर मराठी अक्षरे कोरली गेली, त्या काठाच्या नदीचा पूर किती वर चढू शकतो, हे 2025 सालापर्यंत फारसे कुणी मनावर घेतले नव्हते.

कारण सीना म्हणजे कोरडी नदी, हेच चित्र पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांपुढे होते. तिचे बहुतेक खोरे पर्जन्यछायेत येते. वर्षाकाठी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस झाला तर वर्ष बरे गेले म्हणायचे. 1972च्या दुष्काळाची आठवण इथल्या घराघरांत आहे. अलीकडचे पाहायचे तर जून 2024मध्ये उजनीचा उपयुक्त साठा उणे 60 टक्क्यांपर्यंत खाली गेला होता. सीनाकाठच्या गावांचे आंदोलन असायचे ते उजनीचे पाणी बोगद्यातून सीनेत सोडा, बंधारे भरून द्या, यासाठी. नदीत पाणी नाही हीच तक्रार असताना नदीत जास्त पाणी येईल ही भीती बाळगायची कुणी?

ती भीती सप्टेंबर 2025च्या चौथ्या आठवड्यात खरी ठरली.

त्या वर्षी पावसाचे सगळेच लवकर होते. मोसमी पाऊस 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजी मुंबईत पोचला. मे महिन्यातच शिवारे भिजली, उजनी लवकर भरत गेली आणि आषाढीच्या आधीच भीमेत विसर्ग सुरू झाला. ऑगस्ट संपेपर्यंत तळी, पाझर तलाव, बंधारे भरलेले, विहिरी काठोकाठ. अशा स्थितीत सप्टेंबरच्या मध्यापासून उत्तरा नक्षत्राच्या पावसाने जोर धरला. 22 सप्टेंबरला घटस्थापना होती. त्याच सुमारास बालाघाटाच्या रांगांत, आष्टी, भूम, परांडा या पट्ट्यात ढग अक्षरशः रिते झाले. परांडा तालुक्यात लष्कराच्या हेलिकॉप्टरने माणसे उचलावी लागली. सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी ही धरणे आधीच भरलेली होती, त्यामुळे आले तेवढे पाणी खाली सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. सीनेतला विसर्ग लाख क्युसेकच्या वर गेला.

माढ्यातली दारफळ, उंदरगाव, केवड ही गावे पाण्याने वेढली गेली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी आल्या, लष्कर आले. मोहोळ तालुक्यात लांबोटीच्या पुलापाशी पाणी असे चढले की सोलापूर-पुणे महामार्ग बंद करावा लागला. हैदराबादकडून पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या मालमोटारींच्या रांगा लागल्या. एरवी या पुलावरून जाताना खाली नदी आहे हे प्रवाशाच्या ध्यानातही येत नाही.

मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस 24 सप्टेंबरला माढा तालुक्यात आले. 7 ऑक्टोबरला राज्य सरकारने 31,628 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी 47 हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी 3 लाख रुपये अशी तरतूद होती. नुकसानीचा खरा प्रकार या तरतुदीवरूनच कळतो. पीक गेले तर एक हंगाम जातो. माती गेली तर कित्येक वर्षे जातात. सीनाकाठच्या मळ्यांतली गाळाची, पिढ्यांनी जपलेली जमीन पुराने खरवडून नेली आणि तिच्या जागी मुरूम, दगडगोटे ठेवले. नदीत सोडलेल्या मोटारी, पाइपलाइन, ठिबकच्या नळ्या, गोठ्यातला चारा, विहिरी हे सगळे त्यात आले.

हा पूर समजून घ्यायला थोडे लांबचे उदाहरण उपयोगी पडते. थंड देशांत हिवाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या पुराची फार धास्ती असते. डोंगरावर महिनोन्‌महिने बर्फ साठलेले असते, जमीन गोठून दगड झालेली असते आणि त्यावर उबदार पाऊस पडतो. पावसाचे पाणी जमिनीत मुरत नाही आणि वितळलेले बर्फही त्याच्यासोबत उतरते. मार्च 2019मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात असेच झाले आणि नायोब्रारा नदीवरचे स्पेन्सर धरण फुटले. आपल्याकडे जून 2013मध्ये केदारनाथला मुसळधार पाऊस आणि वितळते बर्फ एकत्र आले, वरचे चोराबाडी सरोवर फुटले.

मोहोळला बर्फ नाही. पण उत्तरा-हस्ताच्या पावसात इथे तेच गणित वेगळ्या रूपात मांडले जाते. बर्फाच्या जागी भरलेली धरणे, तलाव आणि बंधारे असतात. गोठलेल्या जमिनीच्या जागी भिजून फुगलेली काळी जमीन असते. काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्याला सांगायला नको. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात आणि मृगाचा पहिला पाऊस ती घटाघटा पिते. मात्र एकदा भिजली की तिच्यातली चिकणमाती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी मुरायचे जवळजवळ थांबते. जूनमध्ये 100 मिलिमीटर पाऊस पडला तर त्यातला मोठा भाग शिवारातच जिरतो. तोच पाऊस सप्टेंबरच्या अखेरीस पडला तर बराचसा ओढ्याला लागतो. हजार चौरस किलोमीटरवर 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे साडेतीन टीएमसी पाणी. त्यातले निम्मे जरी वाहिले तरी पावणेदोन टीएमसी होते, आणि सीनेचे खोरे हजार चौरस किलोमीटरपेक्षा कितीतरी मोठे आहे.

म्हणून या भागात पुराचा खरा धोका पावसाळ्याच्या तोंडाशी नसतो, शेपटाशी असतो. 2020 सालीही हेच झाले होते. बंगालच्या उपसागरातला तीव्र कमी दाबाचा पट्टा 13 ऑक्टोबरला काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आला, हैदराबादला झोडपून तेलंगण, उत्तर कर्नाटकमार्गे थेट सोलापुरात पोचला. 14 ऑक्टोबरला जिल्हाभर पाऊस कोसळला. उजनी आधीच भरलेली. भीमेत अडीच लाख क्युसेकपर्यंत विसर्ग गेला. पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जणांचा जीव गेला. पाच वर्षांत दोनदा, आणि दोन्ही वेळा हंगाम संपत आलेला असताना.

इथे एक अवघड पेच आहे, आणि तो टाळून चालणार नाही. राज्यात धरणसाठ्याचा हिशेब 15 ऑक्टोबरचा धरतात. त्या दिवशी धरण भरलेले असले पाहिजे, कारण त्यावर कालवा सल्लागार समिती रब्बीची आणि उन्हाळी आवर्तने ठरवते. उजनीची साठवण 117 टीएमसी आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृत आहे. अशा धरणात सप्टेंबरमध्ये पुरासाठी जागा रिकामी ठेवा, असे म्हणणाऱ्याला दुष्काळ पाहिलेला शेतकरी विचारणारच, की पुढे पाऊस नाही आला तर उसाला पाणी कुठून आणायचे? हा प्रश्न रास्त आहे. कॅलिफोर्नियातही हाच प्रश्न होता. तिथे पाच वर्षांच्या दुष्काळानंतर फेब्रुवारी 2017मध्ये पाऊस आणि बर्फ यांनी ओरोव्हिल धरण तुडुंब भरले, सांडवा फुटला आणि 1 लाख 88 हजार लोकांना घरे सोडावी लागली. त्याच राज्यात मेंडोसिनो तलावावर हवामानाचा अंदाज पाहून साठा कमी-जास्त करण्याचा प्रयोग झाला. वादळ येणार असेल तर आधी पाणी सोडायचे, येणार नसेल तर जास्तीचे राखायचे. या पद्धतीने तिथे पाणी वाया न जाता उलट अधिक साठले. उजनीसाठी ही वाट चोखाळण्याजोगी आहे. बंगालच्या उपसागरातला कमी दाब किनाऱ्यावर येण्याआधी दोन-तीन दिवस नकाशावर दिसत असतो.

सीनेवर मात्र हा उपाय तोकडा पडतो. लाख क्युसेकचा पूर चोवीस तास वाहिला तर साडेआठ टीएमसीहून अधिक पाणी जाते, आणि सीना-कोळेगावची एकूण साठवण साधारण सव्वापाच टीएमसी आहे. धरण पूर्ण रिकामे असते तरी असा पूर एक दिवससुद्धा अडला नसता. त्यामुळे धरणाची दारे वेळेत उघडली नाहीत, एवढ्यावर दोष टाकून मोकळे होता येत नाही. सीनेच्या बाबतीत वाचवू शकते ती वेळेवर मिळालेली सूचना.

आणि नेमके तिथेच घोडे अडते. सीना ज्या चार जिल्ह्यांशी निगडित आहे, ते तीन महसूल विभागांत विभागलेले आहेत. अहिल्यानगर नाशिक विभागात, बीड आणि धाराशिव छत्रपती संभाजीनगर विभागात, सोलापूर पुणे विभागात. आष्टीत रात्री दोन वाजता ढग फुटला तर लांबोटीच्या शेतकऱ्याला तो आकडा कुणी सांगायचा? पावसाची मोजणी होत नाही असे नाही. 'महावेध' प्रकल्पात राज्यातल्या महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसली आहेत. पण त्या आकड्यांचा उपयोग मुख्यतः नंतर होतो. मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टी, मग पंचनामा, मग मदत. तोच आकडा रात्रीच खालच्या गावांना इशारा म्हणून पोचला तर जनावरे सुटतील, मोटारी वर ओढता येतील, म्हातारीकोतारी माणसे वेळेत वाडीवर जातील. भीमेला दौंड आहे. सीनेसाठी तसे एखादे ठिकाण ठरवून, तिथला आकडा दर तासाला सर्व काठाला कळवणे हे धरण बांधण्याइतके खर्चाचे काम नव्हे.

नदीनेही आपली जागा काही प्रमाणात गमावली आहे. उजनीचे पाणी सीनेत येऊ लागल्यापासून काठाचे मोल वाढले. ऊस थेट पात्राच्या कडेपर्यंत गेला, ओढे-नाले बुजवून सरळ झाले. ठिकठिकाणी कोल्हापुरी बंधारे झाले. त्यांचे बर्गे पावसाळा संपताना घालायचे असतात, म्हणजे पाणी अडते. पण हंगाम लांबला आणि बर्गे घातल्यावर मोठा लोंढा आला, तर पाणी बंधाऱ्याला वळसा घालून शेजारचा काठ फोडते. हे बंधारे दुष्काळात जीव वाचवतात, म्हणून ते नकोत असे कुणी म्हणणार नाही. बर्गे घालायची तारीख मात्र कॅलेंडर पाहून नव्हे, आकाश पाहून ठरायला हवी.

या पुराची झळ रब्बीलाही बसते, आणि मोहोळसाठी तो घाव मोठा आहे. रब्बी ज्वारीचा प्रसिद्ध मालदांडी 35-1 हा वाण 1930च्या दशकात मोहोळच्याच संशोधन केंद्रात स्थानिक ज्वारीतून निवडला गेला. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत आजही भाकरी त्या ज्वारीची होते. तिच्या पेरणीचे दिवस सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचे, म्हणजे अगदी पुराचेच. पाणी ओसरले तरी काळ्या रानाला लवकर वाफसा येत नाही. पेरणी लांबली की पुढे दाणा भरताना जमिनीतली ओल संपते.

राज्यात नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखण्याचा नियम आहे. पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मध्ये निर्बंध. 2019च्या सांगली-कोल्हापूरच्या महापुरानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि कृष्णा खोऱ्यातल्या पुराचा कसून अभ्यास झाला. सीनेसाठी तेवढ्याच गांभीर्याने अभ्यास व्हायला हवा. कृष्णेचे पुराचे पाणी भीमेच्या खोऱ्यात वळवण्याच्या योजना पुढे सरकत असताना तर तो अधिकच निकडीचा आहे, कारण ते पाणी ज्या जिल्ह्यात येणार, तोच जिल्हा हंगामाच्या अखेरीस स्वतः पाण्याखाली जाऊ शकतो.

सरकारी रेषा येईल तेव्हा येईल. तोवर सीना आणि भोगावतीकाठच्या प्रत्येक ग्रामसभेने एक काम आपल्या हाती घ्यावे. सप्टेंबर 2025मध्ये पाणी जिथवर चढले, तिथे शाळेच्या, देवळाच्या, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, पुलाच्या खांबावर तारखेसह पक्क्या रंगाने खूण करावी आणि तिची नोंद तलाठ्याकडे द्यावी. भिंतींची रंगरंगोटी होण्याआधी आणि पाणी पाहिलेली माणसे गावात आहेत तोवर हे काम व्हायला हवे. येत्या पावसाळ्यात उत्तरा नक्षत्र लागण्यापूर्वी ते प्रत्येक गावाने पुरे करावे.