पैसे कुठे द्यायचे, कुठे नाही – आणि फुकट मदतीचं काय?

ताईंनो, गटाच्या हिशेबात पाच रुपये कमी भरले तर आपण वही पुन्हा पहिल्या पानापासून लावतो. पण आपल्यातलीच बाई बँक मित्राकडे अंगठा लावून पैसे काढते, तेव्हा हजारामागे दहा रुपये कापून हातात आले तरी बोलत नाही. ‘त्याचं पण पोट आहे ना,’ म्हणते आणि घरची वाट धरते.

पोट आहे हे खरं. पण त्यासाठी बँक त्याला कमिशन देते. रिझर्व्ह बँकेचा नियम साफ आहे: बँकेच्या वतीनं केलेल्या कामासाठी बँक मित्रानं किंवा बीसी सखीनं गिऱ्हाइकाकडून थेट पैसे घ्यायचे नाहीत. बँकेला काही आकारायचंच असेल तर ते तिनं आधी सांगून, उघडपणे घ्यायचं आणि पासबुकात दिसलं पाहिजे. हातातल्या नोटांतून काढून घेतलेले दहा रुपये पासबुकात कुठंच दिसत नाहीत.

हिशेब करून बघा. महिन्याला १५०० रुपये येतात, त्यातले १५ गेले. वर्षाला झाले १८०. दहा जणींच्या गटाचे १८००. महिन्याला शंभर रुपये बचत करणाऱ्या गटाची जवळजवळ दोन महिन्यांची बचत.

आता हे बोलायला जड जातं, कारण बीसी सखी बऱ्याचदा आपल्याच गटातली असते. तिचीही बाजू आहे. कमिशन थोडं, नेट जातं, रोकड आणायला तालुक्याला खेपा. तिची ही अडचण खोटी नाही. पण ती बँकेपुढं मांडायची. ग्रामसंघानं ठराव करून शाखेला लेखी द्यावं, आपण सगळ्या तिच्या मागं उभ्या राहू. निराधार म्हातारीच्या पगारातून ती भरून काढायची नाही. सखी अंथरुणावरच्या आजीकडं घरी येऊन पैसे देते, तर तिला चहा पाजा, परड्यातली भेंडी द्या. मनानं द्या. फक्त त्याचा दर ठरू देऊ नका.

आणखी एक. ‘अंगठा नीट उमटला नाही, पुन्हा लावा’ असं म्हटलं तर लावण्याआधी पहिल्या वेळचं काय झालं ते विचारा. व्यवहार फसला असेल तर तशी चिठ्ठी निघते, ती मागून घ्या. नाहीतर एकदा हातात पडतात आणि दोनदा खात्यातून जातात. शंका आली तर शाखेत लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. त्याला एक रुपयाही लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

सेवा केंद्राचं गणित मात्र वेगळं. तिथं दाखल्याचं शुल्क कायदेशीर आहे आणि ते द्यायलाच हवं. केंद्रवाल्याचं भाडं, वीज, संगणक त्यातूनच चालतं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे कोणत्या दाखल्याला किती शुल्क आणि किती दिवस, हे जाहीर केलेलं असलं पाहिजे. म्हणून आधी फलक वाचा, वाचता येत नसेल तर बरोबरच्या पोरीला वाचायला लावा, मग पैसे द्या आणि पावती घ्या. झेरॉक्स, फोटो यांचे पैसे वेगळे, तेही समजून घ्या. ‘लवकर पाहिजे तर वरचे इतके’ असं कोणी म्हणालं तर त्या ‘वरच्या’ पैशांची पावती मागा. बहुतेक वेळा तिथंच बोलणं थांबतं.

सातबारा ऑनलाइन नुसता बघायला पैसे पडत नाहीत. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत निघतो. नव्या आधारची नोंदणी मोफत, आणि लेकराच्या पाचव्या व पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे नवे द्यावे लागतात तेही मोफत. आणि बाईला कोर्टकचेरीसाठी वकील सरकारतर्फे फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज करायचा.

आता दुसरी बाजू. प्रत्येक गावात एखादी बारावी झालेली सून असते. सगळ्यांचे फॉर्म तीच भरते, ओटीपी तीच बघते, बँकेत सोबत तीच जाते. तिला कोणी काही देत नाही, कारण ‘घरचीच आहे’. तिकडं अनोळखी माणसाला दहा रुपये मुकाट्यानं देतो आणि हिच्या मोबाईलचा रिचार्ज कोण मारतं हे विचारतही नाही. मला हे बरोबर वाटत नाही.

आपल्या जुन्या लोकांनी यात फरक केलेला होता. सावड म्हणजे आज मी तुझ्या लावणीला, उद्या तू माझ्या. दिवसाला दिवस फिटला पाहिजे, राहिला तर बोल लागायचा. इर्जिकीत दिवस मोजत नसत; अडलेल्याच्या शेतात बैलं घेऊन सगळे यायचे, आणि तो जेवण घालायचा. दोन्हीत पैसा नव्हता, पण फुकटही काही नव्हतं.

गटातही तसंच ठरवता येईल. दर महिन्याला न चुकता करायचं, जबाबदारीचं काम असेल, जसं गटाची दप्तरं लिहिणं, तर त्याला थोडं का होईना मानधन असावं. ठराव करा, इतिवृत्तात लिहा. दवाखान्यात रात्रभर सोबत बसणं किंवा नवरा गेलेल्या बाईला तहसीलला नेणं, याला दर लावू नये. मात्र जिचं काम, तिनं सोबतिणीचं एसटीचं तिकीट काढावं. तेवढीही ऐपत नसेल तर गटानं काढावं. जी पैसे देऊ शकत नाही ती त्या दिवशी सुनेचं लेकरू सांभाळेल, शेरडं राखेल. तिला ‘तुझ्याच्यानं काय होणार’ असं म्हणू नका.

आणि मदत करणारी कितीही जवळची असली तरी पासबुक, एटीएम कार्ड आपल्याच घरी ठेवा, पिन सांगू नका. यात तिच्यावर अविश्वास नाही. उद्या काही घोळ झाला तर बोट आधी तिच्याकडंच जातं.

पुढच्या बैठकीत कर्जवसुली झाली की दहा मिनिटं काढा. गेल्या महिन्यात कुठं, किती पैसे दिले आणि पावती मिळाली का, हे प्रत्येकीनं सांगायचं. कोणाच्या मदतीनं काम झालं तेही सांगायचं. सचिवानं दोन्ही वहीत लिहून घ्यावं.